काकूंच्या कढईचा डाग

“बाकीचं घर राहू द्या मॅडम. किचन तेवढं रंगवून द्या.”

घरमालकीण काकू हे बोलल्या तेव्हा मी जिन्याखाली बसून सँडलचा पट्टा लावत होते. माझी बदली पांढुर्ण्याहून सौंसरला झाली होती. महिनाअखेरीस घर सोडतो, असं मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि त्यांनी डोळ्यांत पाणी आणून ‘तुमच्या आईची भलती सवय झाली व मले’ असंही म्हटलं होतं. एका रात्रीत त्यांना किचन आठवलं.

मी म्हटलं, “किचनले काय झालं काकू? साऱ्या घरात तीच भिंत तं धड हाय.”

“तसं नाई व. मी तुमच्यासाठी थोडीच म्हणून राहिली? नवीन किरायदारीण लय सोवळ्याची हाय. लोकं विचारतात ना, आधी कोण राहत होतं म्हणून.”

हे सगळं त्या हसत, कुंडीतल्या तुळशीची वाळकी पानं खुडत बोलल्या. आवाजात कुठे खोट नव्हती. उद्या दूधवाल्याला अर्धा लिटर कमी सांगा म्हणावं, तसं.

आधी कोण राहत होतं? आधी आम्ही राहत होतो. आई आणि मी. पुढच्या खोलीत निळ्या कोटातला फोटो, त्याच्या शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, मागे झोपायची खोली, आणि तिच्या पलीकडे किचन. झोपायच्या खोलीच्या एका भिंतीला ओल होती, तिचे पोपडे रोज सकाळी आईच्या उशीवर पडत. ती भिंत रंगवायला काकूंनी सांगितलं असतं तर मी हसत रंगवून दिली असती. पण आम्ही त्या खोलीत झोपलो ते चाललं, पुढच्या खोलीत बसलो-उठलो ते चाललं. जिथे आम्ही पोळ्या लाटल्या आणि वरणाला फोडणी दिली, ती भिंत तेवढी चालेना.

आणि मी काय केलं असेल? मी खुलासे करायला लागले. “काकू, आम्ही तं तळणाचं करतच नाई फारसं. आईले बीपी हाय. आणि मटण तं कधी एखाद्या रविवारी...” हे बोलता बोलताच माझे कान तापले. मी का सांगत होते? रोज केलं असतं मटण, तर काय भिंत बाटली असती? वाक्य अर्ध्यावर टाकून मी गाडीला किक मारली आणि ऑफिसात दिवसभर लोकांवर खेकसत राहिले.

त्या भिंतीची गोष्ट मला माहीत नसती तर कदाचित इतका राग आला नसता. पण ती भिंत मी काकूंपेक्षा जास्त ओळखत होते.

पांढुर्णा जिल्हा झाला, नवीन ऑफिसं उघडली, आणि गावात किरायाच्या खोल्या मिळेनाशा झाल्या, त्या दिवसांत आम्ही इथे आलो. घरं पाहत फिरताना मला एक गोष्ट पाठ झाली. पहिला प्रश्न नोकरीचा, दुसरा गावाचा, तिसरा आडनावाचा. तिसऱ्या प्रश्नानंतर खोली एकतर ‘कालच दिली’ असायची, नाहीतर मुलगा नागपूरहून परत येणार असायचा. पांढुर्ण्यातल्या किती मुलांनी त्या महिन्यात नागपूर सोडलं, देव जाणे.

काकूंनी मात्र आडनाव ऐकलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सरकारी नोकरी हाय ना, मंग झालं. आम्ही तसलं काई मानत नाई.” तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता कोणी हे वाक्य म्हटलं की मी आधी दाराकडे पाहते. जे खरंच मानत नाहीत त्यांना हे वाक्य सुचतच नाही, ते सरळ पाणी कधी येतं ते सांगतात.

मग त्यांनी घर दाखवलं. किचनच्या दारात आई आणि मी आधी थबकलोच. ओट्यामागची भिंत मुळात कोणत्या रंगाची होती ते सांगता येत नव्हतं. खाली काळपट, मध्ये गडद तपकिरी, वर पिवळा. गॅसच्या मागे पसरट अर्धगोल डाग, आणि तिथून एक जाड धार वर छताला जाऊन टेकलेली. मी बोट लावलं तर बोट चिकटलं. त्या चिकट्यात धूळ होती, केस होते, वर एक माशी केव्हाची अडकून वाळलेली होती.

काकूंना त्याची लाज नव्हती. उलट कौतुक होतं. वरचा मजला बांधायच्या आधी त्या स्वतः इथेच राहत होत्या, सून म्हणून याच ओट्याशी आल्या होत्या. “हे पाहा,” त्या अर्धगोलावर हात ठेवून म्हणाल्या, “हे माह्या कढईचं हाय. दरसाल महालक्ष्म्या बसतात ना आमच्याकडं, साऱ्या करंज्या, अनारसे, पुऱ्या, सारं इथंच. आणि ही वर गेलेली धार दिसून राहिली का? हे माह्या लेकाच्या लग्नाचं. आचारी नाई लावला. चुलत्या-मालत्या साऱ्या बाया आणि मी.” लोक लग्नाचा अल्बम दाखवतात तशी त्यांनी ती भिंत दाखवली. मला तेव्हा ते आवडलंही होतं.

“रंग तुमचा तुम्ही करून घ्या,” त्या म्हणाल्या. “बाईच्या जातीले किचन आपल्या मनासारखं लागते.”

आम्ही करून घेतला. आधी एक रंगारी आला. त्याने भिंतीकडे पाहिलं, खिशातून पुडी काढली आणि म्हणाला, “दोन हात मारून देतो मॅडम, काई दिसत नाई.” त्याने दोन हात मारले. खरंच काही दिसलं नाही. आठवडाभराने गॅस पेटवला तसा पांढऱ्या रंगातून पिवळा डाग वर यायला लागला, मग तपकिरी, आणि गॅसमागचा रंग तर साय धरावी तसा सुरकुतून ओघळला. रंगाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, भिंतच खराब हाय. त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण तो साधा राग आहे, कामचुकार माणसावरचा. तो घेऊन जगता येतं.

मी आईला म्हटलं, “तू तं जिंदगीभर लोकांच्या भिंती रंगवल्या. सांग ना कसं करायचं.”

आई सौंसरकडच्या एका गावात वाढली आणि तिथेच नांदली. संत्र्याच्या बगीच्यात काम, कापूस वेचणं, आणि दिवाळीच्या आधी पाटलाच्या घराला चुना लावणं, हे तिचं ठरलेलं होतं. चुना कसा भिजवायचा, नीळ किती टाकायची, पोचारा कसा ओढला म्हणजे रेघ उठत नाही, सगळं तिला येतं. पण ती भिंतीकडे बघत म्हणाली, “सैपाकघराचं मले नाई माहीत बाई. सैपाकघर मी कधी नाई रंगवलं.”

“काऊन?”

“ओसरी आमी रंगवत होतो, माजघर, कोठा, बाहेरची सारी भिंत. सैपाकघर त्यायच्या बाया रंगवत. तिथं आमचा हात नव्हता चालत.” ती हे फडकं पिळता पिळता म्हणाली. पुढे लगेच विचारलं, “गरम पाण्यानं निघन का हे?”

मग मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ पाहून आम्ही दोघी कामाला लागलो. तो माणूस सारखं एकच सांगत होता, की तेलावर रंग बसत नाही, आधी तेल काढा. रंगाऱ्याने मारलेला रंग आधी खरवडला. बादलीत कढत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि जुन्या साडीचे बोळे. एक बोळा फिरवला की तो काळा होई आणि पाणी चहासारखं होऊन कोपरापर्यंत ओघळे. हातांची कातडी सोड्याने सोलवटली. दोन रविवार नुसते धुण्यात गेले. नंतर साध्या पाण्याने धुतलं, पंखा लावून वाळवलं, सँडपेपरने घासलं. चिकटा गेला, पण डाग गेला नाही. तेल इतक्या वर्षांत प्लास्टरच्या आत मुरलं होतं, भिंत सुकली की कढईचा तो अर्धगोल पुन्हा जसाच्या तसा दिसे. म्हणून त्यावर डाग वर येऊ न देणारा ऑइल प्रायमर लावला, वरून पुट्टी भरली, पुट्टी घासली, आणि शेवटी मोतिया रंगाचा डिस्टेंपर. आईने शेवटचा हात मारला. बरश कुठे थांबवायचा ते तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ते झाल्यावर ती ओट्याला पाठ टेकून खाली बसली आणि बराच वेळ नुसती भिंत पाहत राहिली.

काकू बघायला आल्या आणि गालाला हात लावून म्हणाल्या, “अव माय. मी लग्न होऊन आली तवापासून ही भिंत अशी पांढरी नाई पाहिली.” खूश होऊन त्याच संध्याकाळी त्यांनी स्टीलच्या वाटीत गव्हाची खीर पाठवली. वाटीवर त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं.

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसलं तर मूठभर साखर घालून देतात. आईने दुसऱ्या दिवशी तिळाचे लाडू केले, वाटी घासून पुसून त्यात भरले आणि जिना चढून वर गेली. थोड्या वेळाने वाटी आणि लाडू दोन्ही घेऊन खाली आली.

“काय झालं?”

“म्हणाल्या राहू द्या आई, वाटी तुमच्याकडंच राहू द्या.”

“आणि लाडू?”

“उपास हाय म्हणे.”

मी म्हटलं असेल उपास.  आईने लाडू डब्यात ओतले, वाटी पुन्हा घासली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माळ्यावरच्या फळीवर ठेवून दिली. आमच्या घरात ती वाटी कधी वापरली गेली नाही.

त्यानंतरही काकू खूप काही पाठवत. वडे, पुरणपोळी, पोळ्याच्या करंज्या, आणि तिगावकडे त्यांचा बगीचा होता तिथली संत्री तर टोपलीने. पण सारं कागदाच्या द्रोणात. द्रोण परत करावा लागत नाही. मी म्हणायचे, बाईचा किती सुटसुटीत कारभार आहे, भांडी घासायचा ताप नाही. आई म्हणायची, “हव.” एवढंच. आमच्या घरी त्यांनी कधी चहा घेतला नाही. कधी नुकताच झालेला असे, कधी ॲसिडिटी, कधी शनिवार. खुर्चीवर बसून आईशी तासभर गप्पा मारत आणि उठून वर जाऊन पाणी पीत.

मला त्यांना वाईट बाई ठरवता आलं असतं तर फार सोपं झालं असतं. एकदा मी ऑफिसच्या कामाने बाहेरगावी असताना आईला चक्कर आली, तर याच काकूंनी तिला खांद्याला धरून ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं आणि मी येईपर्यंत तिच्या उशाशी बसल्या. आईची उलटी त्यांनी स्वतःच्या पदराने पुसली. उलटी चालली. लाडू चालला नाही. यावर माणसाने चिडावं की रडावं, मला कळत नाही, म्हणून मी चिडते.

तर त्या दिवशी ऑफिसातून परत आले ती भांडायच्या तयारीनेच. काकू आईलाही सांगून गेल्या होत्या, आणि तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

“देऊ रंगवून,” ती म्हणाली. “एक डबा आण. अर्ध्या दिवसाचं काम हाय.”

“काऊन द्यायची? ती भिंत आपण आलो तवाच्यापेक्षा शंभर पटीनं चांगली हाय.”

“माहीत हाय.”

“मंग?”

“इतके दिवस त्यायच्या छपराखाली राहिलो. दवाखान्यात त्याच होत्या. जाताना कटकट कायले?”

“आई, त्या भिंत नाई रंगवून राहिल्या. त्या आपल्याले धुऊन काढून राहिल्या.”

आई भाजी निवडत होती. मेथीची काडी मोडत म्हणाली, “मले समजत नाई असं वाटते का तुले?”

ती इतकंच बोलली आणि पुन्हा निवडायला लागली. तिचं वय झालं आहे, आता तिने कोणाच्या दारातून मान खाली घालून निघू नये, एवढंच मला हवं होतं. मी नोकरी केली, परीक्षा दिल्या, बदल्या झेलल्या, त्या सगळ्यामागे खरं तर हेच होतं. पाटलाच्या घरी तिला सैपाकघर सोडून सारं घर रंगवायला लावत. आता सारं घर सोडून सैपाकघर रंगवायला सांगत होते. आणि मी, चांगल्या पगाराची सरकारी नोकरदार, तिच्यासाठी रंगाचा डबा आणायला निघाले होते.

कारण निघालेच. आईपुढे माझं काही चालत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात गर्दी होती. माझा नंबर आला तेव्हा दुकानदाराने रंगांचं कार्ड पुढे केलं. “कोणता कलर देऊ मॅडम?” मी कार्ड पाहत होते. मोतिया, बदामी, दुधी. मोतिया तोच, जो आम्ही मारला होता. मोतिया रंगावर मोतिया रंग. वरून बघणाऱ्याला काही फरकसुद्धा दिसणार नाही, फक्त आमचा हात मधल्या थरात गाडला जाईल आणि वर एक थर येईल ज्याचं नाव ‘त्यांच्यानंतरचा’. आणि तो थरसुद्धा मीच लावायचा. माझं डोकं असं फिरलं की कार्डावरची अक्षरं हलायला लागली. काउंटरवर पुट्टी लावायच्या लोखंडी पट्ट्या रबरात बांधून ठेवल्या होत्या.

“ही पट्टी द्या,” मी म्हटलं. “रुंद पाहून द्या.”

“आणि रंग?”

“रंग नको. काढायचा हाय.”

घर सोडायच्या दिवशी सकाळीच मी सुरुवात केली. सामान बांधून झालं होतं, टेम्पो दुपारी येणार होता. आधी भिंतीवर पाणी मारलं. डिस्टेंपर पाणी प्यायला, फुगला, आणि पट्टी लावली तशी मोतिया रंगाची लांब सालं निघून ओट्यावर पडायला लागली. खालची पुट्टी जड जाईल असं वाटलं होतं, पण तेल मुरलेल्या भिंतीवर पुट्टी कधी मनापासून बसत नाही. पट्टीचं टोक आत सरकवलं की तळहाताएवढे तुकडे सुटून येत. दोन रविवार आणि किती संध्याकाळी घालवून चढवलेलं काम माझ्याच हाताने उतरत होतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. हात दुखायला लागला तसा उलट जोर येत गेला. मी तोंडाने काय काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आवाज ऐकून आई आत आली. “काय करून राहिली बाई तू?”

“भिंत जशी घेतली होती तशी परत करून राहिली.”

ती दारात उभी राहिली. मला वाटलं आता ती पट्टी हातातून हिसकावून घेणार. तेवढ्यात पुट्टीचा एक मोठा तुकडा निखळला आणि मागून कढईच्या अर्धगोलाची कड दिसली. तपकिरी, तेलकट, आम्ही झाकली तेव्हा होती तशीच. आईने ती पाहिली.  मग पदर खोचला.

“पाणी मार अजून,” ती म्हणाली. “धूळ उडून राहिली नुसती.”

मग पाणी ती मारत होती आणि खरवडत मी होते. अर्धगोल पुरा उघडा झाला. मग काकूंच्या लेकाच्या लग्नाची धार, खालून वर छतापर्यंत. प्रायमरचे पांढुरके डाग मध्ये मध्ये राहिले, ते सँडपेपरने काढले. शेवटी सगळा भुगा झाडून पोत्यात भरला, ओटा धुतला, फरशी पुसली, नळसुद्धा चमकवला. एक कण घाण आमची म्हणून राहू दिली नाही. किचन चकचकीत होतं आणि त्यात ती एक भिंत.

टेम्पोत शेवटची पेटी चढत असताना काकू नव्या किरायदारणीला घेऊन खाली आल्या. बाई माझ्याच वयाची होती, नवरा कुठल्याशा ऑफिसात, कपाळाला गंध. काकू तिला आधी पुढची खोली दाखवत होत्या, मग झोपायची. ओल आलेल्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवून ‘हे पावसाळ्यापुरतं’ म्हटलं. मग किचनच्या दारात आल्या आणि थांबल्या.

मला वाटलं होतं, त्या ओळखतील. आपली भिंत, आपली कढई, आपल्या लेकाचं लग्न. इतक्या कौतुकाने सांगितलेलं. त्या ओळखतील आणि गप्प होतील, मला एवढंच हवं होतं.

काकू त्या बाईकडे वळून हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतक्या, म्हणाल्या, “पाहा बरं. रंगवून द्या म्हटलं होतं. या लोकायचं असंच असते, काय करता.”

मी पुढे सरकले.  आई माझ्या मागे उभी होती. तिने मला खांद्याला धरून बाजूला केलं.

“बाई,” ती काकूंना म्हणाली, “हे आमचं नाई. तुमच्या महालक्ष्म्यांच्या करंज्यांचं तेल हाय हे. आणि हे वर गेलं ते तुमच्या लेकाच्या लग्नाचं. तुमीच सांगितलं होतं मले, इथंच उभं राहून. आमी तं त्याले झाकून ठेवलं होतं.”

आवाज चढलेला नव्हता. काकूंनी भिंतीकडे पाहिलं. आता त्यांनी नीट पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना पटलं आहे. त्यांचा हात त्या अर्धगोलाकडे जरा उचललाही गेला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसा, मग खाली आला. 

नव्या बाईने विचारलं, “तुमची कढई होती का इथं काकू?”

“होती,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे हे तुमच्याच घरचं तेल हाय?”

“हव.”

त्या बाईचा चेहरा मोकळा झाला. “मंग राहू द्या ना,” ती म्हणाली. “कायले रंगवता? तुमचंच हाय तं मले काई नाई त्याचं. मी मोठं कॅलेंडर लावून घेईन वरून.”

ती खरंच आनंदाने बोलली. आत आली, ओट्यावर हात फिरवला, नळ सोडून पाहिला. सकाळी तीच भिंत पांढरी, घासलेली, दोनदा धुतलेली होती, तेव्हा ती या बाईसाठी रंगवून शुद्ध करायची होती. आता ती तपकिरी, खरवडलेली, छतापर्यंत तेलाच्या डागांनी भरलेली होती आणि तिला काही लावायची गरज नव्हती. मी इतक्या कष्टाने दाखवून दिलेली गोष्ट तिने एका वाक्यात, काहीही न कळता, माझ्यापेक्षा स्वच्छ सांगितली. मला ती पट्टी फेकून मारावीशी वाटली. कोणाला, ते आजही सांगता येणार नाही.

आई तोवर टेम्पोशी जाऊन परत आली होती. तिच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. कागद पिवळा पडला होता. तिने तो उलगडला आणि सासऱ्यांचं नाव कोरलेली ती स्टीलची वाटी काकूंच्या हातात दिली.

काकूंनी सवयीने वाटीत पाहिलं. मीही पाहिलं. माझ्या आयुष्यात आईने कोणाचं भांडं असं परत दिलेलं मी पाहिलं नव्हतं. साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

“जामसांवलीच्या मारुतीले जाता ना तुमी,” आई म्हणाली, “सौंसर तिथून जवळच हाय. या. आमच्या घरी चहा घ्यायचा असन तं या.”

मग ती टेम्पोत पुढे बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, “चाल बापू.” गाडी वळली तेव्हा मी आरशात पाहिलं. काकू दारात उभ्या होत्या आणि ती रिकामी वाटी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.